खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया आणि रक्त पातळ करणारी औषधे : कोकणातील रुग्ण व कुटुंबीयांसाठी सविस्तर मार्गदर्शन

खुब्याचा सांधा बदलायचे ठरले की घरात चर्चा होते ती सांध्याच्या किमतीची, तो किती वर्षे टिकेल याची आणि पुन्हा मांडी घालून बसता येईल का याची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा विषय मात्र बहुधा रुग्णालयात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, भूलतज्ज्ञांच्या प्रश्नानंतर निघतो. तोपर्यंत गोळी थांबवण्याची योग्य वेळ टळून गेलेली असली, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्याला गेलेल्या कुटुंबाला तो फेरा महागात पडतो. या औषधांमुळे होणारे बरेचसे नुकसान गोळी चुकीची असल्यामुळे होत नाही. गोळी कोणत्या तारखेला थांबवायची, कोणत्या तारखेला सुरू करायची आणि हे कोणी सांगायचे, यात गोंधळ झाल्यामुळे ते होते. म्हणून या लेखाचा भर तारखांवर आहे. येथे दिलेले दिवस सर्वसाधारण वैद्यकीय प्रथेप्रमाणे आहेत. आपल्या रुग्णासाठीचे दिवस त्याच्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावेत आणि कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

धोका दोन्ही बाजूंनी

खुब्याच्या शस्त्रक्रियेत मांडीचे हाड कापले जाते, पोकळ करून त्यात धातूचा दांडा बसवला जातो, पायाची मोठी शीर काही काळ पिळवटल्यासारखी राहते आणि नंतर काही दिवस हालचाल कमी होते. या सगळ्यामुळे पायाच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. कोणतेही प्रतिबंधक औषध न देता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची जुन्या अभ्यासांमध्ये शिरांची विशेष तपासणी केली, तेव्हा ४० ते ६० टक्के रुग्णांत लहानमोठ्या गुठळ्या आढळल्या होत्या. त्यांतील बहुतेकांना काहीही त्रास जाणवत नव्हता, आणि औषधाविना त्रास देणारी गुठळी होण्याचे प्रमाण पहिल्या पाच आठवड्यांत सुमारे ४ टक्के धरले जाते. परंतु पायातील गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली, तर रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो. त्यामुळे ज्याने आयुष्यात कधी अशी गोळी घेतलेली नाही, त्यालाही शस्त्रक्रियेनंतर ती दिली जाते.

दुसरी बाजू रक्तस्रावाची आहे. रक्त गोठण्याची क्रिया मंदावली की जखमेतून पाझर सुरू राहतो, सांध्याभोवती रक्त साचते आणि साचलेल्या रक्तात जंतू वाढू शकतात. कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग झाला, तर पुन्हा शस्त्रक्रिया करून सांधा धुवावा लागतो, प्रसंगी काढूनही टाकावा लागतो. क्वचित पोटात, आतड्यात किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. गुठळीची भीती घालून औषध वाढवणे आणि रक्तस्रावाची भीती घालून ते बंद करणे, ही दोन्ही टोके टाळावी लागतात.

पहिली पायरी : घरातली सगळी औषधे टेबलावर

शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी, निदान दोन-तीन आठवडे तरी आधी, रुग्ण घेत असलेली प्रत्येक गोळी तिच्या पाकिटासह डॉक्टरांना दाखवावी. केवळ ‘बीपीची आणि हृदयाची गोळी चालू आहे’ असे सांगणे पुरेसे नाही, कारण हृदयाच्या अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात. कोलेस्टेरॉलची म्हणून रोज रात्री घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही असू शकते आणि रुग्णाला त्याची कल्पनाही नसते. पाकिटावरचे लहान अक्षरांतले घटक मुलाने किंवा सुनेने वाचून वहीत उतरवावेत. व्यापारी नावापेक्षा घटकाचे नाव महत्त्वाचे असते, कारण चिपळूणच्या दुकानात मिळणारे नाव मुंबईच्या डॉक्टरांच्या ओळखीचे असेलच असे नाही.

ही औषधे साधारण दोन गटांत येतात. पहिल्या गटात रक्तातील प्लेटलेट एकमेकांना चिकटू न देणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर ही औषधे येतात. ती बहुधा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्या, अथवा स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असलेल्या रुग्णांना दिलेली असतात. दुसऱ्या गटात गोठण्याच्या साखळीवरच परिणाम करणारी औषधे येतात. वॉरफरिन आणि ॲसिट्रॉम या नावाने आपल्याकडे ओळखले जाणारे असेनोकुमारॉल ही जुनी औषधे आहेत आणि त्यांसाठी आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते; तिचा आकडा जितका जास्त, तितके रक्त पातळ. रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन आणि डॅबिगाट्रान ही नवी औषधे आहेत, त्यांचा डोस ठरलेला असतो आणि आयएनआरची गरज नसते. यांखेरीज हेपॅरिन, एनोक्सापॅरिन आणि फोंडापॅरिनक्स ही इंजेक्शने आहेत.

प्रत्येक औषधापुढे ते का सुरू केले हे लिहावे. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन घेणारा रुग्ण आणि धातूची कृत्रिम झडप बसवलेला रुग्ण यांच्या हातात गोळी एकच असते, पण ती थांबवण्याचा धोका अगदी वेगळा असतो. संधिवाती तापामुळे झडप खराब होऊन लहान वयात ती बदललेले लोक आपल्या गावांत आहेत. त्यांतील अनेकांकडे जुनी फाइल उरलेली नसते. अशा वेळी झडप कोणती आणि कोणत्या जागी बसवली आहे हे टू-डी इको तपासणीतून (हृदयाच्या सोनोग्राफीतून) आधीच स्पष्ट करून घ्यावे. धातूची झडप असलेल्यांना आणि डाव्या बाजूची मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना नव्या गटातील गोळ्या देत नाहीत, ही गोष्ट कुटुंबालाही माहीत असावी.

वनस्पतिजन्य चूर्णे, गुग्गुळ असलेल्या गोळ्या, माशांच्या तेलाच्या कॅप्सूल, लसूण किंवा हळदीचा अर्क असलेल्या गोळ्या यांचीही नोंद करावी. आमटीतील लसूण किंवा हळद यांची काळजी करण्याचे कारण नाही. एकवटलेल्या अर्काचा परिणाम मात्र रक्त गोठण्यावर होऊ शकतो आणि म्हणून तो शस्त्रक्रियेपूर्वी बंद करण्यास सांगतात.

मूत्रपिंडाचा हिशेब

या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते असे माझे मत आहे. एनोक्सापॅरिन, फोंडापॅरिनक्स आणि डॅबिगाट्रान ही औषधे बऱ्याच अंशी मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मूत्रपिंड मंद असेल तर ती शरीरात साठत जातात आणि नेहमीचाच डोस जास्त ठरतो. रिपोर्टवर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा ‘नॉर्मल’ मर्यादेत किंवा तिच्या जवळपास छापलेला असतो, म्हणून कोणी पुढे पाहत नाही. परंतु ७८ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजीचे क्रिएटिनिन १.२ असेल, तर वय, वजन आणि लिंग धरून केलेल्या हिशेबाप्रमाणे तिच्या मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला सुमारे २६ मिलिलिटर निघते. ३० च्या खाली एनोक्सापॅरिनचा डोस कमी करतात आणि डॅबिगाट्रान टाळतात. हा हिशेब करायला कागद, पेन आणि आजीचे खरे वजन एवढेच लागते. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी रक्त तपासायला जाल तेव्हा वजनही करून घ्यावे आणि डॉक्टरांना ‘मूत्रपिंडाच्या क्षमतेप्रमाणे डोस बघितला आहे ना?’ असे आदराने पण स्पष्ट विचारावे. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही तपासून घ्यावेत. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी ते वाढवण्यासाठी काही आठवडे हाताशी असलेले बरे, कारण नंतर रक्ताची पिशवी शोधत फिरणे गावाकडच्या कुटुंबाला फार जड जाते.

कोणते औषध केव्हा थांबते

शस्त्रक्रिया सोमवारी सकाळी आहे असे धरून चालू.

वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबते. शेवटची गोळी आदल्या मंगळवारी रात्री घ्यायची, बुधवारपासून रविवारपर्यंत घ्यायची नाही आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आयएनआर १.५ च्या खाली आला आहे याची खात्री करायची. येथे एक साधी अडचण येते, ती म्हणजे तालुक्याच्या बहुतेक प्रयोगशाळा रविवारी बंद असतात. तपासणी शनिवारी करायची की रविवारी दाखल होऊन रुग्णालयातच करायची, हे आधी ठरवावे. आकडा तेव्हाही जास्त असेल, तर डॉक्टर थोड्या प्रमाणात व्हिटॅमिन के देतात. असेनोकुमारॉलचा परिणाम वॉरफरिनपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे ते सहसा त्याहून कमी दिवस आधी थांबवतात. दोन्ही गोळ्यांना ‘आयएनआरची गोळी’ असे एकच नाव पडलेले असल्याने नेमकी कोणती चालू आहे हे पाकिटावर पाहूनच बोलावे.

रिव्हारोक्साबॅन आणि एपिक्साबॅन शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन पूर्ण दिवस बंद ठेवतात. म्हणजे शेवटची गोळी शुक्रवारी घ्यायची, शनिवार-रविवार घ्यायची नाही. कमरेतून भूल द्यायची असेल तर अनेक भूलतज्ज्ञ तीन दिवसांचे अंतर मागतात. डॅबिगाट्रानसाठी मूत्रपिंड चांगले असल्यास दोन दिवस पुरतात, क्षमता ५० च्या खाली असल्यास चार दिवस लागतात. क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी थांबवतात. कमी डोसचे ॲस्पिरिन, विशेषतः स्टेंट असलेल्या रुग्णात, बऱ्याचदा चालूच ठेवले जाते आणि त्यामुळे कमरेतून भूल देण्यास सहसा अडथळा येत नाही.

स्टेंट नुकताच बसवला असेल तर दिवस मोजण्यापूर्वी शस्त्रक्रिया आताच करायची का, हा प्रश्न विचारावा. औषधी लेपाचा स्टेंट बसवल्यावर शक्यतो सहा महिने, आणि तो हृदयविकाराच्या झटक्यात बसवला असल्यास वर्षभर, अशी नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलणे इष्ट मानले जाते. खुब्याची झीज वेदनादायक असली तरी तिची शस्त्रक्रिया काही काळ थांबू शकते. गोळी लवकर थांबवल्यामुळे स्टेंट बंद पडला, तर तो झटका जिवावर बेततो. हृदयरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांचे या बाबतीतले मत एकमेकांना फोनवरून नव्हे, लेखी कळलेले असावे.

मधल्या दिवसांची इंजेक्शने

वॉरफरिन बंद असलेल्या दिवसांत हेपॅरिन गटातील इंजेक्शने द्यावीत, असा सल्ला पूर्वी सरसकट दिला जात असे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिज’ या मोठ्या चाचणीत अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांची तुलना केली गेली. इंजेक्शने दिलेल्या गटात गुठळ्या कमी झाल्या नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र ३.२ टक्के रुग्णांत झाला आणि इंजेक्शन न दिलेल्या गटात तो १.३ टक्के होता. त्यामुळे आता अशा बहुतेक रुग्णांना मधली इंजेक्शने देत नाहीत, आणि नव्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांना तर त्यांची गरजच पडत नाही. मायट्रल जागी धातूची झडप असलेले किंवा गेल्या तीन महिन्यांत गुठळी झालेले रुग्ण मात्र वेगळे. त्यांना इंजेक्शने लागतात आणि उपचाराच्या पूर्ण डोसचे शेवटचे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या किमान २४ तास आधी झालेले असावे लागते. शेजारच्या वाडीतल्या कोणाला इंजेक्शने दिली आणि आपल्याला दिली नाहीत, यावरून निष्काळजीपणाचा निष्कर्ष काढू नये.

भूल आणि मणक्यातील रक्तस्राव

खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी कमरेतून भूल देण्याची पद्धत प्रचलित आहे. रक्त पातळ असताना मणक्यात सुई गेली, तर क्वचित मज्जारज्जूभोवती रक्त साचून दाब येतो. हा प्रकार विरळा आहे, परंतु वेळेत ओळखला नाही तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणूनच भूलतज्ज्ञ गोळीच्या शेवटच्या वेळेबाबत इतके काटेकोर असतात, आणि ‘एकच गोळी तर घेतली’ म्हणून ती त्यांच्यापासून लपवणे अत्यंत धोकादायक ठरते. प्रतिबंधक डोसचे एनोक्सापॅरिन दिल्यानंतर सुई टोचण्यास किंवा पाठीतील बारीक नळी काढण्यास किमान १२ तास जावे लागतात. भूल उतरून पाय हलू लागल्यावर पुन्हा बधिरपणा आला, पायांतले बळ गेले, पाठीत तीव्र कळ आली किंवा लघवी अडकली, तर सोबतच्या माणसाने सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. त्याच क्षणी नर्सला आणि डॉक्टरांना बोलवावे. अशा वेळी एमआरआय करून काही तासांत दाब मोकळा करावा लागतो.

पडून खुबा मोडला असेल तर

वरचे सगळे वेळापत्रक नियोजित शस्त्रक्रियेचे आहे. श्रावणात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, खळ्यात पाय घसरतो आणि सत्तरीच्या माणसाचा खुबा मोडतो, तेव्हा पाच दिवस थांबण्याची चैन नसते. असे वयस्क रुग्ण अंथरुणावर जितके पडून राहतील तितके न्यूमोनिया, शय्याव्रण आणि गुठळ्या यांचे संकट वाढते, म्हणून शक्य तो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करण्याचा प्रयत्न असतो. वॉरफरिनचा परिणाम शिरेतून व्हिटॅमिन के देऊन उतरवता येतो. नव्या गोळ्यांसाठी शेवटच्या डोसनंतर ठराविक तास जाऊ देतात. क्लोपिडोग्रेलसाठी बहुधा थांबत नाहीत, भुलीचा प्रकार बदलतात. कुटुंबाने करायची गोष्ट एकच, पण मोलाची आहे : शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली हे लिहून द्यावे आणि पाकीट सोबत न्यावे. पडल्यावर त्या दिवसाची पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. पडताना डोक्याला मार लागला असेल, तर रुग्ण नीट बोलत असला तरी सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणीच न्यावे.

शस्त्रक्रियेनंतरचे पस्तीस दिवस

प्रतिबंधक औषध किमान १० ते १४ दिवस आणि खुब्याच्या बाबतीत साधारणपणे ३५ दिवसांपर्यंत दिले जाते. एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, रिव्हारोक्साबॅन १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा एपिक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे नेहमीचे डोस आहेत. पहिला डोस जखम थोडी स्थिरावल्यावर देतात : रिव्हारोक्साबॅन ६ ते १० तासांनी, एपिक्साबॅन १२ ते २४ तासांनी. याहून घाई केल्यास रक्तस्राव वाढतो.

ॲस्पिरिन स्वस्त आणि ओळखीचे असल्याने ‘तेच द्या’ असा आग्रह काही वेळा होतो. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत सर्व रुग्णांना पहिले पाच दिवस रिव्हारोक्साबॅन देऊन नंतर काहींना ॲस्पिरिनवर आणले, तेव्हा परिणाम समाधानकारक होता. मात्र २०२२ च्या ऑस्ट्रेलियातील ‘क्रिस्टल’ चाचणीत सुरुवातीपासून केवळ ॲस्पिरिन दिलेल्यांत त्रासदायक गुठळ्या ३.४५ टक्के आणि एनोक्सापॅरिन दिलेल्यांत १.८२ टक्के आढळल्या. माझ्या मते पहिले काही दिवस प्रभावी औषध आणि नंतर ॲस्पिरिन हा मार्ग इतर धोका नसलेल्या, लवकर चालू लागलेल्या रुग्णाला परवडणारा आहे. पूर्वी गुठळी झालेल्या, कर्करोग असलेल्या किंवा खूप स्थूल रुग्णाने केवळ किमतीसाठी तो मागू नये.

आधीपासून गोळी चालू असलेल्या रुग्णांच्या बाबतीत खरी चूक याच टप्प्यावर होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना आधी लहान प्रतिबंधक डोस देतात आणि ४८ ते ७२ तासांनंतर, जखम कोरडी असल्यास, नेहमीच्या पूर्ण डोसवर आणतात. वॉरफरिन पुन्हा सुरू केले तरी त्याचा परिणाम यायला काही दिवस लागतात, म्हणून आयएनआर ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत इंजेक्शने सोबत चालतात आणि मग बंद होतात. डिस्चार्ज कागदावर नवी गोळी लिहिलेली असते, घरी फडताळात जुनी गोळी असते आणि ‘मोठ्या डॉक्टरांची’ म्हणून दोन्ही सुरू होतात. दुप्पट रक्त पातळ होऊन रुग्ण पुन्हा दाखल होण्याचा हा हमखास रस्ता आहे. रुग्णालय सोडण्यापूर्वी प्रत्येक जुन्या गोळीपुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘अमुक तारखेपासून’ असे मराठीत लिहून घ्यावे आणि त्या कागदाचा फोटो मुंबईतल्या मुलाच्या व गावातल्या डॉक्टरांच्या मोबाइलवर असावा.

घरी एनोक्सापॅरिन टोचायचे असल्यास नर्सकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे. बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर दूर, पोटाच्या कडेला, चामडीची घडी दोन बोटांत धरून सुई सरळ उभी टोचायची असते आणि औषध पूर्ण जाईपर्यंत घडी सोडायची नसते. भरून आलेल्या ४० मिलिग्रॅमच्या सिरिंजमधील हवेचा बुडबुडा काढू नये, कारण त्यासोबत औषध वाया जाते. टोचल्यावर जागा चोळू नये आणि रोज बाजू बदलावी. डॅबिगाट्रानची कॅप्सूल दमट हवेत खराब होते. कोकणातल्या पावसाळ्यात ती मूळ पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवू नये, आणि ती फोडून तर मुळीच घेऊ नये. एखादा डोस विसरला तर आठवल्यावर त्याच दिवशी घ्यावा, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

औषधाइतकेच चालणे महत्त्वाचे आहे. वॉकर घेऊन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे राहणे, तासातासाने घोटे वरखाली करणे आणि पुरेसे पाणी पिणे यांनी गुठळीचा धोका कमी होतो. मुंबईहून गावी परतायचे असेल तर महामार्गावर दर तासा-दीड तासाने थांबून चार पावले टाकावीत, आणि गणपतीची गर्दी असलेली रेल्वे या पस्तीस दिवसांत टाळावी.

गावी परतल्यावर

कंबर दुखली की ‘एक सुई मारा’ म्हणणे आपल्याकडे रुजलेले आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना कुल्ल्यात किंवा दंडात स्नायूत इंजेक्शन घेतल्यास आत रक्त साचून मोठी गाठ होते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खाजगी दवाखान्यात आधी गोळीचे नाव सांगावे. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही औषधे पोटात रक्तस्राव करू शकतात. गोळीच्या नावाशेवटी ‘पी’ असले म्हणजे ती केवळ पॅरासिटामॉलची असा समज होतो, पण तिच्यात बहुधा ॲसिक्लोफेनॅकही असते. साधे पॅरासिटामॉल सांगितलेल्या मर्यादेत चालते, मात्र वॉरफरिनवर असताना ते रोज भरपूर घेतले तर आयएनआर वाढू शकतो.

वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल घेणाऱ्यांच्या बाबतीत जंतुनाशकांचे भान हवे. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल आणि बुरशीवरचे फ्लुकोनाझोल आयएनआर झपाट्याने वाढवतात. लेप्टोस्पायरोसिससाठी पावसाळ्यात शेतकऱ्यांना दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनही तो वाढवू शकते. गोळी टाळावी असा याचा अर्थ नाही, ती सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत आयएनआर पाहावा. टाकळा, माठ, अळू, शेवग्याचा पाला यांत व्हिटॅमिन के असते. त्या खायला हरकत नाही, पण महिनाभर न खाता एकदम आठवडाभर रोज खाल्ल्यास आकडा हलतो. नव्या गोळ्यांना हे पथ्य नाही, मात्र क्षयाचे रिफाम्पिसिन आणि फिट्सचे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन त्यांचा परिणाम बराच घटवतात.

पावसाळ्यातला ताप ही कोकणातली खास अडचण आहे. डेंग्यू आणि लेप्टो या दोन्हींत प्लेटलेट घसरतात, आणि दोडामार्ग-सावंतवाडी भागात माकडतापाचीही भर पडली आहे. आधीच रक्त पातळ असलेल्या माणसात ही घसरण दुहेरी घातक ठरते. या पाच आठवड्यांत ताप आला तर जखमेतील संसर्ग आणि हे आजार, दोन्हींचा विचार करून त्याच दिवशी रक्त तपासावे. हेपॅरिन गटाचे इंजेक्शन सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेट निम्म्यावर आले, तर ती इंजेक्शनचीच प्रतिक्रिया असू शकते आणि तिच्यात उलट गुठळ्या होतात, हेही डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे.

कशाला घाबरावे, कशाला नाही

मांडी निळी-काळी पडणे आणि तो डाग हळूहळू गुडघ्यापर्यंत उतरून पिवळा होणे, हे बहुतेक वेळा नेहमीचे आहे. ड्रेसिंग पुन्हा पुन्हा भिजणे, पाचव्या दिवसानंतरही पाझर राहणे, मांडी ताठ होऊन फुगणे, यांसाठी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली तरी तसेच करावे. अचानक धाप लागणे, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, न थांबणारा घोळणा, एका बाजूचे बळ जाणे, असह्य डोकेदुखी किंवा डोक्याला मार यांपैकी काही झाले, तर १०८ ला फोन करून निघावे. कुठे जायचे हे मात्र त्या क्षणी ठरवू नये. रत्नागिरी, ओरोस, डेरवण, कोल्हापूर किंवा बांबोळी यांपैकी आपल्या गावापासून रात्री कोणते ठिकाण जवळ पडते, तिथे सीटी स्कॅन आणि रक्तपेढी रात्री चालू असते का, आणि घाटात दरड कोसळली तर दुसरा रस्ता कोणता, हे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून कागदावर लिहावे. त्याच कागदावर औषधाचे नाव ठळक असावे, कारण उतारा औषधाप्रमाणे बदलतो : वॉरफरिनला व्हिटॅमिन के आणि रक्तघटक, हेपॅरिनला प्रोटामिन, डॅबिगाट्रानला स्वतःचे वेगळे इंजेक्शन.

औषध बंद करण्याचा दिवस

प्रतिबंधक औषध ज्या तारखेला संपते ती तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. काही रुग्ण टाके निघाले की गोळी सोडून देतात, तर काही जण ‘रक्तासाठी चांगली’ म्हणून महिनोन्महिने पुन्हा पुन्हा आणत राहतात. पहिल्यांत उशिरा होणारी गुठळी आणि दुसऱ्यांत विनाकारण रक्तस्राव संभवतो. स्टेंट, झडप किंवा अनियमित ठोक्यांसाठीची जुनी गोळी या तारखेला थांबत नाही. ती आजन्म असेल तर तसे लिहून घ्यावे. दुसरा खुबा पुढे करायचा असल्यास या वेळचे डोस, जखम किती दिवस पाझरली, रक्त किती चढवले आणि आयएनआर कोणत्या दिवशी किती होता, या नोंदी त्याच वहीत ठेवाव्यात, कारण पुढच्या भूलतज्ज्ञांचे पहिले प्रश्न हेच असतील.